भाचा, फोर्कलिफ्ट आणि माझ्या मांड्या

मानकोली नाक्यापासून कशेळीच्या खाडीपर्यंत राहणाऱ्या समस्त आप्तेष्टांस, सोयऱ्याधायऱ्यांस आणि माझ्या पोटावर वेळोवेळी विनोद केलेल्या सर्व सज्जनांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, माझ्या दोन्ही मांड्यांमध्ये स्नायू आहेत. ते मला वयाच्या पंचेचाळिशीनंतर सापडले. कुणाची हरकत असल्यास त्याने समक्ष येऊन दाबून पाहावे. येताना आधी निरोप द्यावा, म्हणजे मी उभा राहीन. उभं राहिल्यावर ते जास्त चांगले लागतात.

आता हा शोध कसा लागला ते सांगतो.

दोन हजार साल उलटून पाचसहा वर्षं झाली होती. आमच्या भागात भाताच्या खाचरांवर पत्र्याची गोदामं उगवत होती. माझ्याही जमिनीवर एक उगवलं. ते मी भाड्याने दिलं आणि रोज सकाळी गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कंटेनर आत जाताना आणि बाहेर येताना पाहू लागलो. कुणी मला हे काम सांगितलं नव्हतं, पण मी ते मनापासून करायचो. शेती होती तोवर चिखलणी, लावणी, भारे उचलणं, बांधावरून चालणं हे सगळं आपोआप होत होतं. शरीर कमवायला हवं, असं काही असतं हे मला माहीतच नव्हतं. जमीन भाड्याने गेली आणि तिच्याबरोबर शरीराचं कामही गेलं. चारपाच वर्षांत माझं पोट माझ्या आधी दारातून आत जाऊ लागलं. दुसऱ्या मजल्यावर कुणाकडे जायचं असेल तर मी पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाशी थांबून त्यांची ख्यालीखुशाली विचारायचो. मुलं काय करतात, गावाकडचे कसे आहेत, पाणी किती वाजता येतं. लोक म्हणायचे, माणूस मोठा प्रेमळ आहे. मला दम लागलेला असायचा.

अशा अवस्थेत माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचं लग्न ठरलं.

आमच्यात हळदीच्या दिवशी नवरदेवाला मामाने खांद्यावर घेऊन नाचवायचं असतं. खांद्यावर म्हणजे अगदी खांद्यावर. नवरदेव मामाच्या मानेच्या दोन्ही बाजूंना पाय सोडून बसतो, मामा त्याच्या नडग्या घट्ट धरतो, बेंजो सुरू होतो आणि मामा मांडवाच्या मेढीभोवती नाचत फिरतो. नवरदेव हलका आणि मामा तरुण असेल तर हे बघायला फार छान दिसतं. पूर्वी मुलांची लग्नं लवकर व्हायची, तेव्हा ते छानच दिसत असणार.

बहीण भिवंडी शहरात दिलेली. तिच्या सासरी मोठं खटलं. तिच्या जावांना प्रत्येकी तीन-तीन चार-चार भाऊ, कार्य असलं की ते टेम्पो भरून यायचे. हिचं माहेर म्हणजे मी. आईवडील गेले, दुसरा भाऊ नाही, आणि मी हा असा. त्यात तिच्या दिराने, म्हणजे नवरदेवाच्या काकाने, नुकतीच एक फोर्कलिफ्ट घेतली होती. त्यांचंही गोदाम. फोर्कलिफ्ट जुनीच, पिवळ्या रंगाची, पण तिच्यावर त्यांचा इतका जीव होता की रविवारी ते तिला स्वतः पाण्याने धुवायचे. साखरपुड्याच्या जेवणात पंगतीत माझ्या समोर बसून, माझ्या पोटाकडे प्रेमाने पाहत ते म्हणाले,

"पावनं, हळदीला तुमी कनाला तरास घेता? आपलं मशीन हाय ना. फळीवर खुर्ची ठेवू, झेंडूच्या माळा लावू, नवरदेवाला बसवू. वर, खाली, वर, खाली. बेंजोच्या तालावर. मामानी नुसतं बाजूला उभं राहून टाळ्या वाजवायच्या."

पंगत हसली. मीही हसलो. खरं सांगायचं तर मला ती कल्पना आवडली होती. मी पुढच्या वड्याला हात घातला. तेवढ्यात वाढायला आलेली बहीण माझ्या मागे थांबली आणि तिने माझा दंड धरला. चिमटाच तो. मला स्वयंपाकघरात नेऊन ती हळू आवाजात म्हणाली,

"दादा, तू हसलास?"

"सगळे हसले म्हणून हसलो गं, बाय."

"माज्या पोराला मशीन नाचवनार? आनि मी हळदीचं ताट घेऊन कुनाला ओवालू? मशीनला?" तिचे डोळे भरले होते. "जावा उद्या म्हनतील, हिच्या माहेरची मानसं डिझेलवर चालतात."

एवढं बोलून ती पुन्हा वाढायला गेली. मी तिथेच पिठाच्या डब्याला टेकून उभा राहिलो. तिचं लग्न झालं तेव्हा तिला मांडवात आमच्या मामानेच आणलं होतं, आणि मी तिच्यामागून चाललो होतो. तेव्हापासून त्या घरात तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आता मागत होती ते एकच. आपल्या मुलाला भावाने उचलावं.

बाहेर येऊन मी पंगतीत जाहीर केलं की भाच्याला मीच उचलणार. दीर उदारपणे म्हणाले, "मंग होळीला उचलून दाखवा. जमलं तर मशीन गोदामात. न्हाय जमलं तर झेंडूच्या माळा सांगून ठेवतो." दिवाळी नुकतीच झाली होती. लग्न वैशाखात होतं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आधी तुम्ही स्वतःला उचला. सकाळी पलंगावरून उठताना मला हाक मारता."

घरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, छातीचा आलेख काढला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाच्याचं वजन किती?"

"फार नाही. दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा आहे तो."

"मग करा. पण हळूहळू. आज जेवढं जमतं त्याच्यापेक्षा थोडंसंच जास्त, आणि मध्ये एखादा दिवस सुट्टी. शरीर व्यायाम करताना बदलत नाही, नंतर विश्रांतीत बदलतं."

सुट्टीची गोष्ट मी लगेच लक्षात ठेवली. बाकीची पुढे शिकलो.

शहरात एका बंद पडलेल्या पॉवरलूमच्या गाळ्यात नवी जिम निघाली होती. लूम काढून नेले होते, पण जमिनीत त्यांच्या बोल्टची भोकं तशीच होती. शेजारच्या गाळ्यात लूम चालू असायचे, त्यामुळे जिममध्ये बोलणं ओरडूनच व्हायचं. ट्रेनरला सगळे उस्ताद म्हणायचे. विणकरांच्या घरातला तरुण, छाती दरवाजाएवढी, दंड असे की हात शरीराला टेकायचे नाहीत. तो चालायचा तेव्हा दोन अदृश्य कलिंगडं काखेत धरल्यासारखा चालायचा. भिंतीवर एक लांबलचक आरसा होता, कुठल्यातरी बंद झालेल्या केशकर्तनालयातून आणलेला. तो जरा उंचावर लावला होता, त्यामुळे त्यात माणूस कमरेपर्यंतच दिसायचा. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या आरशाने केला.

आरशात जे दिसायचं त्याचाच व्यायाम सगळे करायचे. छाती, खांदे, दंड. मीही तेच सुरू केलं. पहिल्या दिवशी मला फार दुखलं नाही, म्हणून मी घरी जाऊन फुशारकी मारली. दुसऱ्या दिवशी थोडं दुखलं. तिसऱ्या दिवशी हात डोक्यापर्यंत जाईना. बायकोने माझा भांग पाडून दिला, आणि तो मुद्दाम मधोमध पाडला. तसाच मी गेटवर जाऊन बसलो. वॉचमनने मला ओळखलं नाही.

उस्तादला म्हटलं, काहीतरी तुटलं आहे. तो शेजारच्या खडखडाटावर आवाज चढवून म्हणाला, "चाचा, बॉडी को शॉक लगा है. उसको लगा था आप रिटायर हो गये!"

दुखणं आठवड्यात कमी झालं आणि मग गंमत सुरू झाली. वजनं वाढू लागली. जे वजन पहिल्या दिवशी हलत नव्हतं ते महिन्याभरात वर जाऊ लागलं. आरशात मात्र काहीच फरक दिसेना. तेच दंड, तेच पोट. मी डॉक्टरांना विचारलं, ताकद वाढते आहे तर ती आहे कुठे? ते म्हणाले, स्नायू आधीपासूनच होते, पण निम्मे कामावर येत नव्हते. सुरुवातीला शरीर नवे स्नायू करत नाही, आहेत त्यांनाच एका वेळी कामाला लावायला शिकतं. हे मला चटकन समजलं. म्हणजे गाळ्यात लूम सगळे, पण निम्म्यांवर कामगारच नाही. आता शिफ्ट भरली होती. आकार पुढे आला, जेव्हा शरीराच्या लक्षात आलं की हा माणूस ऐकणार नाही.

काट्यावर मात्र माझं वजन तेवढंच राहिलं. पट्टा दोन भोकं आत गेला तरी काटा ढिम्म. बायकोला काट्याचा संशय आला. ती स्वतः चढून पाहून उतरली आणि म्हणाली, "काटा खोटा आहे." नंतर कळलं, चरबी जात होती आणि तिच्या जागी स्नायू येत होता, आणि तो आकाराने लहान पण वजनाला भारी. बायकोचं मत काट्याबद्दल आजही बदललेलं नाही.

इथपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं. मग एका सकाळी जिमचं दार उघडलं आणि नवरदेव आत आला.

"तू इथे कशाला?"

"मामा, हळदीला उघडं बसायचं असतं. ठाण्याहून फोटोवाला येतोय. छाती नको का?"

"तुझी छाती चांगली आहे. ऋषीमुनींसारखी आहे."

"मामा, तेच तर."

उस्तादने त्याला ताब्यात घेतलं. त्या पोराचं वय लहान, भूक दांडगी आणि नोकरी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून. सकाळी अंडी, दुपारी केळी, संध्याकाळी दुधातून कसलीशी पावडर. पाण्यात भिजत घातलेल्या वालासारखा तो फुगू लागला. मी उचलायची ताकद वाढवत होतो आणि माझ्या शेजारच्या बाकावर, माझ्या डोळ्यांदेखत, उचलायचं ओझं वाढत होतं. रोज आरशात मी त्याला बघायचो आणि मनातल्या मनात त्याचं वजन करायचो.

"भाच्या, लग्नानंतर वाढव ना काय वाढवायचं ते."

"मामा, फोटो आधी आहेत."

"मग एक दिवसाआड ये."

"मामा, तुम्ही पण वाढवा की. पहिल्यांदाच आपण दोघं बरोबर काहीतरी करतोय."

खरंच होतं ते. त्याच्या वडिलांना त्याच्याशी बोलायला कधी वेळ नव्हता आणि मला विषय नव्हता. आता आम्ही घाम पुसत एका बाकावर बसायचो, तो मला होणाऱ्या बायकोबद्दल सांगायचा आणि मी त्याला दुसरं केळं खाण्यापासून परावृत्त करायचो.

होळी आली. बहिणीच्या अंगणात सगळं घर जमलं. मी नवा बनियन घातला होता, मुद्दाम तंग. दंड खरंच बरे दिसत होते. एक जाऊ दुसरीला म्हणाली, "मामा तर जवान झालेत." बहिणीने ते ऐकलं आणि पदर सावरून पुढे येऊन उभी राहिली. मी उकिडवा बसलो. भाचा खांद्यावर बसला. मी त्याच्या नडग्या धरल्या. पकड पोलादी. छाती पुढे, मान ताठ. आणि मी उठायला लागलो.

काहीच झालं नाही.

छाती तयार होती, हात तयार होते, पण गुडघ्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी तसाच उकिडवा. वरून भाचा हळूच म्हणाला,

"मामा, सुरू करा."

"सुरू केलंय."

अंगण हसू लागलं. दीर म्हणाले, "पावनं, गियरमदी टाका!" मी जोर केला. कमरेत कुठेतरी करकरलं आणि आम्ही दोघं शांतपणे मागे, आदल्या रात्रीच्या होळीच्या राखेत, बसलो. कुणाला लागलं नाही. मी हसत उठलो, पण वर पाहिलं तेव्हा बहीण तिथे नव्हती. ती आत गेली होती. दिराने मोबाइल काढून फुलवाल्याला फोन लावला.

आता चूक सांगायची गरज नाही. चार महिने ज्या भागाचा व्यायाम केला तो आरशात दिसणारा भाग होता, आणि माणूस उचलतात न दिसणाऱ्या भागाने. दुसऱ्या दिवशी मी उस्तादसमोर उभा राहिलो.

"उस्ताद, पाय करायचेत."

"पैर?" तो अस्वस्थ झाला. "चाचा, पैंट के अंदर कौन देखता है?"

"माझी बहीण बघणार आहे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की उस्तादला मी कधीच हाफपॅन्टमध्ये पाहिलं नव्हतं. त्याने मोठ्या ऐटीत दांडा खांद्यावर घेतला, म्हणाला, देखो, सीधी कमर, छाती ऊपर, और बैठो. बसला. आणि बसूनच राहिला. शेजारचे लूम खडखडत होते, त्यामुळे तो काय पुटपुटला ते ऐकू आलं नाही. मग त्याने एक हात पुढे केला. "चाचा, हाथ दो." मी त्याला ओढून उभा केला. त्या दिवसापासून आम्ही दोघं बरोबर शिकलो. आरशाकडे पाठ करून.

सुरुवात माझ्या गेटजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीपासून झाली. बसायचं, हात न लावता उठायचं, पुन्हा बसायचं. ज्या खुर्चीने मला या अवस्थेला आणलं तिलाच मी कामाला लावलं. कंटेनरवाले ड्रायव्हर खिडकीतून विचारायचे, "सेठ, कुर्सी में खटमल है क्या?" मग दांडा आला. मग दांड्यावर वजन. मांड्यांचं दुखणं हातांच्या दुखण्याहून वेगळं असतं. हात दुखले तर भांग पाडता येत नाही. मांड्या दुखल्या तर कमोड नसलेल्या घरात माणूस देवाला हाक मारतो.

नुसतं उठून भागणार नव्हतं, नाचायचंही होतं. म्हणून सकाळी ट्रकांची गर्दी सुरू व्हायच्या आत मी खाडीच्या बांधावर जाऊ लागलो. आधी नुसतं चालायचं, मग भरभर, मग खांद्यावर वाळूची गोणी घेऊन. पहिल्या दिवशी बोलताही येईना. पुढे चालता चालता बोलता येऊ लागलं, आणि मग गुणगुणताही. दम कसा वाढतो हे आतून बघायला फार मजा येते. आधी छाती घाबरते, घाईघाईने श्वास मागते. मग तिला कळतं की हे रोजचंच आहे, आणि ती श्वास नीट, मोठा घेऊ लागते. गावातला एक म्हातारा रोज बांधावर बसलेला असायचा. काही दिवस त्याने मला गोणी घेऊन जाताना पाहिलं, मग न राहवून म्हणाला,

"एकएक गोन चोरून बंगला कदी व्हनार रं तुजा?"

"चोरत न्हाय, बाबा. जाताना नेतो, येताना आनतो."

त्याने बराच वेळ विचार केला. "मंग डॉक्टरला दाखव," म्हणाला.

डॉक्टरला दाखवलंच. त्यांनी नाडी धरली, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा धरली. बसल्या जागी ठोके आधीपेक्षा बरेच कमी झाले होते. मी घाबरलो. ते म्हणाले, "घाबरू नका. हृदय पण स्नायूच आहे. एका ठोक्यात आता जास्त रक्त टाकतंय, म्हणून कमी वेळा ठोके देऊन भागतंय." झोप सुधारली होती. पलंगावरून उठताना मी हाक मारायचं विसरलो होतो. पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने निरोप पाठवला, आम्ही काही चुकलो का, आता थांबत नाही तुम्ही.

आणि मग केळवणं सुरू झाली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, लग्नाआधी नवरदेवाला प्रत्येक नातेवाईक घरी बोलावून जेवू घालतो. त्याला केळवण म्हणतात. बहिणीच्या सासरचं खटलं किती मोठं ते सांगितलंच आहे. भिवंडी तालुक्यातल्या प्रत्येक आत्येने आणि काकूने माझ्याविरुद्ध स्वयंपाक केला. वडे आणि मटण, पुऱ्या आणि श्रीखंड, खाडीची कोळंबी, तांदळाच्या भाकऱ्या, वरून आग्रह. भाचा रोज फोन करून मला कबुली द्यायचा. "मामा, आज चार वडे." "मामा, आज सहा, पण लहान होते."

शेवटी मामाचं केळवण. ते चुकवता येत नाही. बायकोने सकाळपासून वडे तळले. भाचा पाटावर बसला, रांगोळी काढली, औक्षण झालं.

"अजून एक घे," बायको म्हणाली.

"पुरे त्याला," मी म्हणालो.

"लग्नाच्या पोराला पुरे म्हणतात का? घे रे. हा पण घे."

मी बसल्या जागेवरून तिच्या पायाला पाय लावला. ती मोठ्याने म्हणाली, "मामा घरी आलेल्या भाच्याचे वडे मोजतोय, बघा!" भाच्याने बिचाऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि वडा ताटाच्या कडेला सरकवला. बायकोने तो उचलून त्याच्या तोंडातच घातला. मग तिने मला आत बोलावलं आणि म्हणाली, "एका वड्याने पडणार असाल तर उचलूच नका." हे ती सहज बोलली, पण त्या संध्याकाळी मी बांधावर दोन फेऱ्या जास्त मारल्या.

हळदीचा दिवस उजाडला. ऊन उतरल्यावर मांडव भरला. मांडवाच्या तोंडाशी फोर्कलिफ्ट उभी होती, झेंडूच्या माळांनी मढवलेली, फळीवर लाल कापडाची खुर्ची. दीर स्वतः सीटवर बसले होते आणि इंजिन चालू होतं. "पावनं, मी हाय इथं," ते प्रेमाने म्हणाले. त्यांना खरंच मदत करायची होती, हे मी आजही म्हणतो. जावांचे भाऊ टेम्पो भरून आले होते आणि ते मशीनच्या बाजूने उभे होते. बहीण हळदीचं ताट घेऊन मेढीजवळ. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ताटाकडेच पाहत होती.

भाचा उघडा, अंगाला तेल आणि हळद. चांगली छाती झाली होती, खोटं कशाला बोलू? पण हे तेल मी हिशेबात धरलंच नव्हतं. मी उकिडवा बसलो, तो खांद्यावर बसला आणि लगेच डावीकडे सरकला. उस्ताद पाहुणा म्हणून आला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा हाफपॅन्ट घालून आला होता. तो गर्दीतून ओरडला, "चाचा, एडी पे!" मी टाचा रोवल्या. पाठ सरळ केली. श्वास भरला. आणि मांड्यांना सांगितलं.

त्या उठल्या. हळू उठल्या, थरथरत उठल्या, मध्ये एका जागी थांबून विचारही केला, पण उठल्या. मी उभा होतो आणि माझ्या वर भाचा मांडवाच्या झालरीला डोकं लावून बसला होता.

बेंजोवाल्यांनी एकदम सुरुवात केली. मी मेढीभोवती नाचू लागलो. एक फेरी, दुसरी. बायका हळद उधळू लागल्या. दिराने इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि माझ्यासमोर हात वर करून नाचू लागले, त्यांच्यामागे जावांचे भाऊ. बहिणीने ताट एका जावेच्या हातात दिलं आणि तोंडाला पदर लावून हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. हे सगळं मला भाच्याच्या दोन गुडघ्यांमधून दिसत होतं.

पण बेंजो थांबेना. बेंजोचा म्होरक्या माझ्याकडे बघत होता की मामा कधी उतरवतोय, म्हणजे थांबतो. मी त्याच्याकडे बघत होतो की हा कधी थांबतोय, म्हणजे उतरवतो. दोघंही मानी. तो वेग वाढवायचा, मी वेग वाढवायचो. दम होता, बांधावरचा सगळा दम त्या दिवशी कामाला आला. पण मांड्या पेटल्या होत्या, घाम डोळ्यांत गेला होता आणि माझा चेहरा बहुधा वांग्याच्या रंगाचा झाला असावा. वर भाचा फोटोवाल्यासाठी दंड फुगवून दाखवत होता.

तेवढ्यात बहीण समोर आली. हात हलवत काहीतरी ओरडत होती. बेंजोत शब्द ऐकू येईना. मला वाटलं, कौतुक करते आहे, म्हणून मी तिच्यासाठी आणखी एक गिरकी घेतली. ती आणखी ओरडली. मी आणखी नाचलो. ती मागे मागे येऊ लागली, हळदीने माखलेले दोन्ही हात वर करून, तोंड पूर्ण उघडून. आणि बेंजोच्या म्होरक्याने नेमक्या त्याच क्षणी हात वर करून सगळी वाद्यं एकदम थांबवली. भरल्या मांडवात, व्याही, विहीण, जावा आणि त्यांचे सगळे भाऊ ऐकत असताना, तिचा आवाज एकटाच घुमला:

"उतर खाली, मेल्या! माज्या दादाचा जीव घेशील!"